२८–१९ने पुढे असलेली माणसं

हँडबॉलमध्ये नऊ गोलची आघाडी म्हणजे काय, ते आधी सांगते. फुटबॉलच्या सवयीने ऐकलं तर आकडा अचाट वाटेल, बास्केटबॉलच्या सवयीने किरकोळ. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान. दोन्हीकडे सात-सात खेळाडू. तीस-तीस मिनिटांचे दोन भाग. मोठ्या सामन्यात साधारण मिनिटाला एक गोल पडतो, कधी इकडे, कधी तिकडे. म्हणजे पंधरा मिनिटं उरलेली असताना तुम्ही नऊ गोलने पुढे असाल, तर त्यानंतर समोरच्याच्या निम्मे गोल केलेत तरी पुरे. तेवढ्यावर कप तुमचा.

२९ मे २०१६ला, जर्मनीतल्या कोलोन शहरात, युरोपियन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हंगेरीचा वेस्प्रेम हा संघ पोलंडच्या किएल्त्सेविरुद्ध २८–१९ असा पुढे होता. सुमारे पंधरा मिनिटं उरली होती.

पुढच्या वेळात किएल्त्सेने दहा गोल केले. वेस्प्रेमने एक. २९–२९. जादा वेळेत दोघांचे सहा-सहा, ३५–३५. मग पेनल्टी. शेवटचा निर्णायक फटका किएल्त्सेच्या हुलेन अगिनागाल्देने मारला आणि ३९–३८ने किएल्त्से जिंकलं. चॅम्पियन्स लीग जिंकणारा पोलंडचा तो पहिला क्लब.

हा सामना मला पहिल्यांदा भेटला तो रीलमध्ये. २०२२ साल, पुणे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, दुसऱ्यांदा कटऑफ हुकलेला. या वेळी दीड गुणाने. पहिल्या वेळी नापास झाले तेव्हा तयारी कमी पडली असं म्हणता आलं होतं. दीड गुणाला काहीच म्हणता येत नाही. ओएमआरवरचा एक गोळा इकडचा तिकडे, एवढंच ते अंतर. रूममेटने रील पाठवली. मागे ढोल, मधे मोठ्या अक्षरात ‘कमबॅक’, आणि स्कोअरबोर्ड भराभर बदलतोय. खाली तिचा मेसेज : ‘अगं, तुझा तो हँडबॉल बघ. नऊ गोलने मागे होते. तू तर दीडच मार्काने आहेस.’

माझा तो हँडबॉल म्हणजे तालुक्याच्या शाळेतला. फक्की मारून आखलेलं मातीचं मैदान, आणि मी गोलकीपर. दोन वर्षं जिल्ह्यापर्यंत खेळले. त्यानंतरही ‘हँडबॉल म्हणजे व्हॉलीबॉलच ना?’ या प्रश्नाला हसून ‘साधारण तसंच’ म्हणायची सवय लागली. पण गोलकीपरला एक खोड जडते. गोल झाला की सगळे बघतात चेंडू मारणाऱ्याकडे, आणि गोलकीपर बघतो जाळ्यातून चेंडू उचलणाऱ्याकडे. रील बघताना माझं लक्ष किएल्त्सेकडे गेलंच नाही. मला दिसत होते ते लाल-पांढऱ्या गर्दीसमोर कंबरेवर हात ठेवून उभे असलेले वेस्प्रेमचे लोक. म्हणून त्या रात्री मी अख्खा सामना शोधून पाहिला, आणि मग तो अख्खा हंगामच माझ्या डोक्यात शिरला.

वेस्प्रेम म्हणजे बालातोन सरोवराजवळचं, साठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. आपल्याकडे तालुक्याची गावं एवढी असतात. त्या गावाचा क्लब दरवर्षी युरोपच्या पहिल्या फळीत असतो. किएल्त्सेही पॅरिस-बार्सिलोनासारखं झगमगीत नाही. दोनेक लाख वस्तीचं शहर, आणि क्लबच्या पाठीशी उभा राहिलेला बेर्टुस सेर्व्हास हा डच उद्योजक. त्याचा धंदा जुने कपडे गोळा करून निवडण्याचा आणि पुन्हा विकण्याचा. प्रशिक्षक तालांत दुयशेबायेव. जन्म किर्गिझस्तानातला, १९९२च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या तुकड्यांमधून जुळवलेल्या टीमकडून सुवर्णपदक, आणि पुढे स्पेनकडून खेळून दोन कांस्यपदकं. एकाच माणसाच्या आयुष्यात इतक्या वेळा देश आणि जर्सी बदलते, हे वाचून मी थबकले होते.

२०१५–१६चा हंगाम सप्टेंबरात सुरू झाला. आठ-आठ बलाढ्य संघांचे दोन गट, प्रत्येकाला गटातच चौदा सामने. मग बाद फेऱ्या. उपांत्यपूर्व फेरीत किएल्त्सेने जर्मनीच्या फ्लेन्सबुर्गला हरवलं, तेही दोन सामन्यांच्या बेरजेत फक्त एका गोलने. म्हणजे कमबॅकवाले त्याआधीच घरी जाता जाता राहिले होते. एवढे महिने घासून उरलेले चार संघ मेच्या अखेरीस कोलोनला आले. शनिवारी दोन उपांत्य सामने, रविवारी अंतिम. नऊ महिन्यांचा निकाल दोन दिवसांत.

त्या शनिवारी किएल्त्सेने पॅरिसला २८–२६ असं साठ मिनिटांत संपवलं. वेस्प्रेमला मात्र कीलविरुद्ध जादा वेळ खेळावी लागली. जिंकले ३१–२८, पण दहा मिनिटं जास्त धावून. रविवारी जे झालं त्याचं एक कारण मला त्या दहा मिनिटांत दिसतं. हँडबॉल हा खांद्यांचा आणि धडकांचा खेळ आहे. आदल्या दिवशीचं अंग दुसऱ्या दिवशी बरोबर हिशेब मागतं. पण तेवढ्याने दहा विरुद्ध एक होत नाही. सामना बघताना कळतं की वेस्प्रेमने मूर्खपणा असा एकही केला नाही. एक फटका गोलकीपरने अडवला. एक चेंडू हातातून निसटला. एकदा हल्ला जरा लांबला. प्रत्येक चूक सुटी घेतली तर रोजची, कुठल्याही सामन्यातली. फक्त त्या एकामागोमाग एक आल्या, आणि मध्ये थांबायला जागा मिळाली नाही.

कमबॅकच्या गोष्टीत हा भाग नसतो. ती गोष्ट कायम १९वाल्यांच्या बाजूने सांगितली जाते : विश्वास ठेवा, शेवटपर्यंत लढा. ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला १९वाला समजतो. पण विश्वास २८वाल्यांचाही होता. शेवटपर्यंत तेही लढले. त्यांनी त्याआधीची पंचेचाळीस मिनिटं त्या हंगामातल्या कुठल्याही संघाला जमली नसती इतकी सुंदर खेळली असतील, पण आज ती कुणी पुन्हा लावून बघत नाही. आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा होत नव्हतं. २००२ साली ते अंतिम सामना हरले होते. २०१५ला याच हॉलमध्ये बार्सिलोनाकडून २८–२३ने हरले होते. २०१९ला पुन्हा पोचले, पुन्हा हरले, या वेळी उत्तर मॅसेडोनियाच्या वारदारकडून २४–२७ने. चार अंतिम सामने, शून्य कप.

मला छळत होता तो साधा प्रश्न : मे २०१६नंतर त्यांनी सप्टेंबरमध्ये काय केलं?

उत्तर अगदी रुक्ष आहे. ते खेळायला गेले. कर्णधार लास्लो नॉज हा दोन मीटरहून उंच, डावखुरा माणूस. बार्सिलोनाकडून त्याने दोनदा हा कप जिंकलेला होता. आपल्या देशातल्या क्लबसाठी तो परत आला आणि त्याच्यासोबत तो कधीच जिंकला नाही. २०१९ला निवृत्त झाला. मोमिर इलिच हा सर्बियन खेळाडू त्या पडझडीत मैदानावर होता. पुढे तोच वेस्प्रेमचा प्रशिक्षक झाला. आणि जून २०२२मध्ये, मी हे सगळं वाचत होते त्याच दिवसांत, कोलोनच्या उपांत्य सामन्यात त्याच्यासमोर कोण? किएल्त्से. बाकावर तोच दुयशेबायेव. मी मोबाइलवर जागून आकडे बघत बसले. किएल्त्से ३७, वेस्प्रेम ३५.

दुसऱ्या दिवशी किएल्त्से अंतिम सामना हरलं. बार्सिलोनाकडून, पेनल्टींवर. पुढच्या वर्षी माग्देबुर्गकडून, जादा वेळेत, एका गोलने. २०१६ला ज्या दारातून ते आत गेले, त्याच दारातून दोनदा बाहेर काढले गेले. त्यावर कुणी ढोल लावून रील केलेली मला दिसली नाही.

रूममेटने मनापासून पाठवलं होतं. ती आजही माझी जवळची मैत्रीण आहे, आणि पुढच्या वर्षी तिचं नाव यादीत आलं तेव्हा मी अभ्यासिकेच्या दारात नाचले होते. पण त्या रात्री त्या सामन्याने मला तिच्या अपेक्षेच्या उलट जागी नेऊन सोडलं. नॉज सप्टेंबरमध्ये परत जाऊ शकला, कारण कप नसतानाही त्याला मंगळवारचा सराव हवा होता. हॉलचा वास, हाताला लागलेला चिकट डिंक, गुडघ्याला बर्फ, हेच त्याचं काम होतं. कप त्या कामाच्या शेवटी लागला तर लागला. मी स्वतःला विचारलं, पद मिळणारच नाही असं कुणी लिहून दिलं, तर मी उद्या सकाळी सात वाजता अभ्यासिकेतल्या त्या खुर्चीवर जाऊन बसेन का?

नाही. एवढं स्पष्ट उत्तर मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

तिसरा फॉर्म मी भरला नाही. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘दीडच तर मार्क राहिले होते गं.’ त्यांच्या हिशेबात मी १९वर होते आणि वेळ शिल्लक होता. त्यांना समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते. वेस्प्रेमचं नाव काढून काय सांगणार? आता एका सीएच्या ऑफिसात काम करते. जीएसटीच्या रिटर्नची वीस तारीख दर महिन्याला येते, आणि गंमत म्हणजे मला ती आवडते.

बाबा अजून अधूनमधून विचारतात, परत बसायचं का. त्यांच्या विचारण्यात आता दुखणं कमी असतं. मीही चिडत नाही.

वेस्प्रेमने कधी चॅम्पियन्स लीग जिंकली, तर ऑफिसात पेढे वाटायचं मी ठरवून ठेवलंय, कुणाला काही कळो न कळो. तोवर सप्टेंबर आला की त्यांचा पहिला सामना आपल्याकडे किती वाजता आहे, तेवढं बघून ठेवते.