पाच इंचांचा दावा

वकिली धंद्यात मोजमापांवरून होणारी भांडणे आम्ही पुष्कळ पाहिली. हातभर बांधापायी भावाभावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. पण पाच इंचांचा एक दावा आमच्याच घरात उभा राहील, असे मात्र वाटले नव्हते.

बेळगावात शहापूरचे जुने घर सोडून आम्ही टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलो, तेव्हा तीर्थरूपांची काळी, दांड्याची सायकल जिन्याच्या वळणावर अडली. उभी धरली तरी वळेना. ती धाकट्या बंधूंच्या अंगणात ठेवून आम्ही एक आखूड, देखणी सायकल घेतली. ती जिना चढते, गणपत गल्लीच्या गर्दीतून मासोळीसारखी वाट काढते, कोर्टाच्या आवारात दोन मोटारींच्या फटीत मावते. एकट्या माणसास तिच्यासारखी सोय नाही, हे आम्ही आजही कबूल करू.

तक्रार निघाली ती मागच्या बैठकीची. दर सोमवारी मातोश्रींना कॅरिअरवर बसवून कपिलेश्वरास नेण्याचा आमचा परिपाठ. (त्या वजनाने इतक्या हलक्या, की आमची दप्तरे त्यांहून जड.) नव्या सायकलीवर आमची टाच त्यांच्या पावलास लागे, चढावर पुढचे चाक हलके पडून हँडल थरथरे. एके सोमवारी चढाच्या मध्यावर "थांब रे" म्हणून त्या उतरल्या आणि पदर सावरीत चालू लागल्या. पुढल्या सोमवारी म्हणाल्या, "घरच्या देवालाच बेल वाहते." त्यांचे गुडघे दुखत असावेत, असे आम्ही समजलो. दोन महिने तसेच समजत राहिलो. ते समजणे सोयीचे होते. अखेर कन्येने सांगितले, "आजीला त्या सायकलीची भीती वाटते."

तेव्हा शिंप्याची फीत घेऊन आम्ही दोन्ही सायकली मोजल्या. दोन चाकांच्या आसांमधले अंतर जुनीत ४५ इंच, नवीत जेमतेम ४०. पायडलांच्या मध्यापासून मागच्या आसापर्यंत जुनीत १९, नवीत साडेसोळा. टाच लागे ती या अडीच इंचांमुळे. चढावर भार मागे सरकतो, आणि चाके जितकी जवळ तितके पुढचे चाक लवकर हलके होते. खड्ड्याचेही तसेच. एक चाक दगडावर चढले की सारी सायकल कलते. लांब सायकल कमी कलते, आखूड जास्त. जुन्या सायकलीचा हा साचा मूळ इंग्रजी रोडस्टरचा, २८ इंची चाकांचा. लुधियानाच्या कारखान्यांनी तोच उचलला. त्या लांबीला आम्ही इतके दिवस गावंढळपणा समजत होतो. वळावयास तिला रस्ताभर जागा लागते आणि ती उचलताना कंबर बोलते, हेही खरेच.

गेल्या श्रावणात आम्ही ती परत आणली. मातोश्रींनी कॅरिअरवर हात फिरविला, बसल्या, आणि उतरेपर्यंत शेजारणीच्या सुनेविषयी बोलत राहिल्या. चढ केव्हा संपला हे त्यांना कळले नाही. आम्हांला, आमच्या दमावरून, चांगलेच कळले.

सायकल आता जिन्याखाली असते. तिची मूठ मीटरच्या पेटीसमोर येते म्हणून गृहसंस्थेची नोटीस आली आहे. उत्तराचा मसुदा आम्ही तीनदा फाडला. कारण फीत लावून पाहिली, तर मूठ खरोखरच पाच इंच पुढे येते.