बाबांचा ताप नक्की कुणाचा?

कांजिण्या एकदा येऊन गेल्या की परत येत नाहीत, गोवराचंही तसंच, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हिवतापाबद्दल मात्र असा भरवसा कुणी देत नाही. आजीला तो आयुष्यात किती वेळा आला हे तिलाच मोजता यायचं नाही. 'पाळीचा ताप' म्हणायची ती. एक दिवस हुडहुडी, एक दिवस बरं, परत हुडहुडी. मी पुण्यात कोड लिहितो. शरीरशास्त्राशी माझा संबंध अकरावीत बायो सोडलं तेव्हाच संपला होता. मग बाबांना मलेरिया झाला, आणि पाच महिन्यांनी परत झाला.

आमचं घर रत्नागिरीहून हातखंब्याकडे येताना लागतं. मागे हापूसची कलमं, पलीकडे बंद पडलेली चिरेखाण, तिच्यात दिवाळीपर्यंत पाणी. पहिला ताप श्रावणात आला. रक्त तपासल्यावर प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स निघाला. तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्वीन. ताप दुसऱ्या दिवशी उतरला आणि पाचव्या दिवशी बाबांनी गोळ्यांची पट्टी फडताळात टाकली. "मला काय धाड भरलीय आता?" आई ओरडली, मी फोनवरून ओरडलो. उपयोग शून्य.

जानेवारीत, मोहोरावर फवारणी चालू असताना, बाबा पुन्हा दुपारी दोन गोधड्या घेऊन कुडकुडायला लागले. खाण कोरडी होती, विहिरीत गप्पी मासे होते, डास जवळजवळ नव्हतेच. मग ताप आला कुठून? वाडीला उत्तर सापडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. महामार्गाच्या कामावर आलेले झारखंडचे कामगार आमच्या बागेच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. "त्यांनीच आणला." त्यांना खोल्या देणाऱ्या काकांवर शेजारीपाजारी नाराज झाले. खोल्या रिकाम्या करा, इथपर्यंत गोष्ट गेली.

आरोग्यसेवक आला. त्यानं आमच्या घरातल्या सगळ्यांची आणि त्या कामगारांची बोटं टोचली. त्याच्याकडच्या तपासणीच्या पट्टीवर दोन वेगळ्या जागी रेघ उमटू शकते, एक फाल्सिपेरमची, एक व्हायव्हॅक्सची. कामगारांपैकी एकाच्या पट्टीवर रेघ आली. तिशीचा माणूस, ताप नाही, अंगदुखी नाही, सकाळी कामावर जाऊन आलेला. वाडीला पुरावा मिळाला.

फक्त रेघ चुकीच्या जागी होती. त्याच्यात फाल्सिपेरम, बाबांच्यात व्हायव्हॅक्स. एकाच कुळातले, पण दोन वेगळे परजीवी. एकापासून दुसरा होत नाही, जसं आंब्याच्या कोयीतून काजू उगवत नाही. बाबांचा ताप त्या माणसानं आणला असणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि पुढचे दोन-तीन महिने वाचतच राहिलो.

व्हायव्हॅक्सचं आधी सांगतो, कारण ते सोपं आणि जास्त चीड आणणारं आहे. डास चावतो तेव्हा परजीवी पहिल्यांदा यकृतात जातो. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी तिथेच झोपून राहतात, आठवडे, महिने. रक्तातला परजीवी क्लोरोक्वीननं मरतो, ताप उतरतो, पण झोपलेल्यांना धक्काही लागत नाही. त्यांना मारण्यासाठीच ते प्रायमाक्वीनचे चौदा दिवस. म्हणजे जानेवारीतला ताप डासानं आणला नव्हता आणि झारखंडहूनही आला नव्हता, तो श्रावणापासून बाबांच्याच यकृतात मुक्कामाला असणार. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फडताळाकडे पाहिलं आणि विषय बदलून फवारणीच्या पंपाबद्दल बोलायला लागले.

दुसरा प्रश्न मात्र मला जास्त छळत होता. त्या माणसाच्या रक्तात फाल्सिपेरम असताना, म्हणजे जीव घेणारा प्रकार असताना, त्याला ताप का नाही?

आपण प्रतिकारशक्ती म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कुलूप असतं. एकदा बसलं की चोर आत येत नाही. गोवराचं तसं आहे. मलेरियाचं नाही. फाल्सिपेरम लाल पेशीत शिरला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन आणून बसवतो. त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि पाणथरीतून, म्हणजे प्लीहेतून, गाळली जाण्यापासून वाचते. शरीर हे प्रथिन ओळखून त्याच्यावर अँटिबॉडी तयार करतं. पण त्याच्याकडे या प्रथिनाच्या सुमारे ६० आवृत्त्या असतात, ६० वेगळी जनुकं, आणि तो एका वेळी एकच वापरतो. तुम्ही एक ब्लॉक केली की पुढची बाहेर. शिवाय दुसऱ्या गावातल्या परजीवीचा संच वेगळा. माझ्या धंद्यात असा हल्लेखोर भेटला तर टीम राजीनामा देईल.

तरीही शरीर हार मानत नाही. जिथे मलेरिया कायम असतो तिथे वाढलेलं मूल वर्षानुवर्षं आजारी पडत एकेक आवृत्ती ओळखत जातं. मोठेपणी त्याच्या शरीरात परजीवी येतो, राहतो, पण डोकं वर काढत नाही. याला हवं तर तह म्हणा. हे रक्तातल्या अँटिबॉडींचं काम आहे हे १९६१ साली गॅम्बियात दिसलं. सिडनी कोहेन, इयन मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन मलेरियानं आजारी मुलांना टोचलं आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं कमी झाले. मोठ्यांनी बालपणभर सोसून कमावलेलं ते मुलांना उसनं मिळालं. पण या तहाची किंमत भयंकर आहे, कारण शिकता शिकता असंख्य मुलं मरतात. २०२३ साली जगात मलेरियानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. आणि हा तह टिकाऊही नाही. काही वर्षं मलेरिया नसलेल्या ठिकाणी काढली की तो ढिला पडतो. आमच्या शेजारचा तो माणूस कोकणात पाच-सहा वर्षं राहून गावी परतला, तर पहिला चावा त्याला आडवा करू शकतो.

आपल्याकडे तर हा तह जवळजवळ संपलाच आहे, आणि ते चांगलंच झालं. १९५३ साली देशात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, डीडीटी फवारलं गेलं, आणि १९६५च्या सुमाराला वर्षाचे रुग्ण एक लाखापर्यंत खाली आले. मग ढिलाई झाली, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. आजीच्या पाळीच्या तापांपैकी किती त्या वर्षांतले असतील कोण जाणे.

लस करणाऱ्यांनी या ६० सोंगांशी लढायचंच नाही असं ठरवलं. डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून साधारण काही दहा-वीस परजीवी आत येतात आणि तासाभरात यकृत गाठतात. त्या तासाभरात त्यांच्या अंगावर एकाच प्रथिनाचं आवरण असतं. रूथ नुसेन्झ्वाइग यांनी १९६७ साली उंदरांना किरणोत्सर्गानं दुबळे केलेले असे परजीवी टोचून दाखवलं की या टप्प्यावर संरक्षण मिळू शकतं. त्या आवरणावर आधारलेली आरटीएस,एस ही लस १९८७ साली तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं ती मुलांसाठी सुचवली २०२१च्या ऑक्टोबरात. चौतीस वर्षं! करोनाची लस वर्षभरात आली म्हणून आपण फार सोकावलोय. करोनाच्या विषाणूत मोजून तीसेक प्रथिनं, या परजीवीत पाच हजारांहून जास्त जनुकं. शिवाय त्या तासाभरात एक जरी निसटला तरी यकृतात त्याचे हजारो होतात. म्हणून अँटिबॉडी थोड्या असून चालत नाही, पूर लागतो, आणि पूर ओसरतो. चार डोस त्यासाठी.

दुसरी लस, आर२१, ऑक्सफर्डची. ती बनवते पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. माझ्या ऑफिसच्या बसनं तासाभराच्या अंतरावर. बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या चाचणीत पहिल्या वर्षी तिनं, पावसाळी मलेरियाच्या भागांत हंगामाच्या तोंडावर दिली तेव्हा ७५ टक्के आणि बाकीच्या भागांत ६८ टक्के आजार टाळला. संघटनेनं ती २०२३ साली सुचवली, आणि २०२४च्या जुलैपासून ती आफ्रिकेत मुलांना नेहमीच्या लसीकरणात मिळू लागली. तिच्यात प्रतिकार चेतवण्यासाठी जे घालतात ते चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतं. त्या सालीत सॅपोनिन असतं, म्हणजे आपल्या रिठ्याच्या फेसात असतं त्याच जातीचं द्रव्य. हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा खूश झाली.

पण दोन्ही लशी फाल्सिपेरमच्या. बाबांच्या व्हायव्हॅक्ससाठी बाजारात एकही नाही. त्याच्यावर काम आहे, दिल्लीत चेतन चिटणीस यांनी बरीच वर्षं केलेलं. व्हायव्हॅक्स ज्या प्रथिनानं लाल पेशीला धरतो त्याला रोखायचं. ऑक्सफर्डच्या एका छोट्या चाचणीत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, परजीवीच्या वाढीचा वेग निम्म्यावर आला. गंमत म्हणजे हे ज्या गटात घडलं त्याचे डोस करोनामुळे लांबले होते. निम्मा वेग म्हणजे लस नव्हे, पण मला तो आकडा आवडतो.

बाबांनी यावेळी चौदाही दिवस गोळ्या घेतल्या. आई रोज पट्टीचा फोटो मला पाठवत होती.

त्या कामगारालाही उपचार मिळाले, खोली तिथेच राहिली. एकदा गडग्यावर बसून त्यानं मला विचारलं की मी फोनवर सारखं काय वाचतो. मोडक्या हिंदीत सांगितलं. त्याची धाकटी मुलगी तीन वर्षांची, गावी आजीकडे, दर पावसाळ्यात तिला ताप येतो. लस पुण्यात बनते म्हटल्यावर तो सरसावून बसला. मी सांगितलं, आपल्या देशाच्या लसीकरणात ती नाही, सगळी आफ्रिकेत जाते. तिथे जास्त मुलं मरतात. आपल्याकडे मच्छरदाण्या, तपासणी आणि गोळ्यांवर भर आहे, आणि २०३०पर्यंत मलेरिया संपवायचं सरकारनं ठरवलंय. आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२५च्या जुलैत एक लस जाहीर केलीय, ती ताकातल्या जिवाणूकडून बनवून घेतात, पण ती अजून माणसांवर तपासायची आहे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पूना यहाँ से कितना दूर है?" त्यानं विचारलं.

तीनशेच्या वर किलोमीटर, मी म्हटलं. त्यानं मान हलवली, खिशातून फोन काढला आणि माझा नंबर मागितला.