चिंध्यांचा चेंडू

मालेगावातल्या आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चाले. त्या आवाजाची कानांना इतकी सवय झाली होती, की वीज जाऊन माग थांबले की आम्ही दचकत असू. अब्बा मागावर जात आणि अम्मी घरी बसून कांड्या भरी. घरात विकत आणलेले खेळणे एकही नव्हते. खेळ मात्र पुष्कळ होते.

ही १९७४ सालची गोष्ट आहे. मी दहा वर्षांचा होतो आणि आपा तेरा वर्षांची. त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या मुलांना लगोरीचे वेड लागले होते. आम्ही तिला पिट्टू म्हणत असू आणि गल्लीच्या टोकाला राहणारी मराठी मुले लगोरी म्हणत. नावावरून कधी भांडण झाले नाही. भांडण होई ते चेंडूवरून. रबरी चेंडू एकाच मुलाकडे होता आणि तो बाद झाला, की चेंडू बगलेत मारून सरळ घरी जाई.

आपाने यावर उपाय काढला. तिच्या सांगण्यावरून मी सायकलच्या दुकानातून एक फाटकी ट्यूब मागून आणली. आपाने कात्रीने तिच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापल्या. मग अम्मीच्या शिलाईच्या पिशवीतल्या चिंध्यांचा घट्ट गोळा केला, त्यावर कांडीवर उरलेले सूत गुंडाळले आणि वरून त्या चकत्या उभ्या-आडव्या ताणून बसवल्या. नुसत्या चिंध्यांचा चेंडू जमिनीवर आपटला, की तिथेच बसतो. वर रबर चढवले, की तो उसळतो. हे तिचे तिनेच करून पाहिले होते. आधीचे दोन चेंडू फसले होते.

चेंडू घेऊन मी गल्लीत धावलो. मुलांनी तो दाबून पाहिला, भिंतीवर मारून पाहिला.

"कोणी बनवला रे?" एकाने विचारले.

"मी!" मी म्हणालो.

आपा दाराच्या पडद्याआड उभी होती. तिने ते ऐकले असणार. पण ती मला काही बोलली नाही.

आदल्या वर्षापर्यंत ती आमच्यात खेळत असे. सात चपट्या खापऱ्या एकावर एक रचायच्या, लांबून चेंडू मारून त्या पाडायच्या आणि दुसऱ्या गटाने मारलेला चेंडू अंगाला लागण्याआधी पुन्हा रचायच्या. रचणाऱ्याचा हात स्थिर हवा आणि नजर चौफेर हवी. आपाकडे दोन्ही होते. मग एके दिवशी दादी म्हणाली, "आता ही मोठी झाली." बस्स, एवढेच. कोणी रागावले नाही, कोणी दार लावले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आपा गल्लीत आली नाही. मला त्याचे फारसे काही वाटले नाही, हे आज सांगताना संकोच वाटतो.

ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली. गल्लीत चिखल झाला. आमच्या घरामागे पत्र्याखाली थोडी जागा होती, तिथे चार मुले जमली. पहिल्याच फेकीत चेंडू दिव्याला लागला आणि दिवा फुटला. रात्री अब्बा कंदिलाच्या उजेडात जेवले. अम्मीने बजावले, "चेंडू पुन्हा हवेत दिसला, तर चुलीत जाईल!"

मग आपा पुढे आली. "चेंडू उडवायचाच नाही, घरंगळत सोडायचा," ती म्हणाली. तिने दहा रिकाम्या लाकडी कांड्या जाड टोकावर भिंतीपाशी उभ्या केल्या. खाटेजवळून चेंडू सोडून त्या पाडायच्या. पाडल्या, की धावत जाऊन पुन्हा उभ्या करायच्या. तेवढ्यात दुसऱ्या गटाने चेंडू उचलून पायांवर घरंगळत सोडायचा. ज्याच्या पायाला लागेल तो बाद. लगोरीच होती ती, फक्त जमिनीला टेकलेली! चेंडू चुकवण्यासाठी इतक्या उड्या माराव्या लागत, की दहा मिनिटांत सगळे घामाघूम होत.

त्याचा कंटाळा आला, तेव्हा तिने पागोळ्यांचा खेळ काढला. पत्र्यावरून गळणारे पाणी वाटीत धरायचे आणि लंगडी घालत जाऊन आपल्या गटाच्या डब्यात ओतायचे. पाय टेकला, की वाटी रिकामी करून पुन्हा सुरुवात. आमच्या वाट्या वाटेतच सांडत. आपाची वाटी काठोकाठ भरलेली पोहोचे. अम्मीने त्या दिवशी सगळी भांडी त्याच पाण्याने घासून घेतली. खेळाचा असा उपयोग करून घ्यावा तो आयांनीच!

तिसऱ्या दिवशी भिजून भिजून चेंडू सैल झाला. चकत्या सुटल्या आणि सूत बाहेर आले.

"तूच बनवलास ना? मग कर दुरुस्त," मुलांनी चेंडू माझ्या हातात दिला.

मी चकती ताणली, ती निसटून माझ्याच नाकावर बसली. दुसरी ताणली, तर गोळाच फुटला. सगळे हसू लागले. आपाने न बोलता हात पुढे केला. तिने ओल्या चिंध्या काढून कोरड्या भरल्या, सूत गुंडाळले आणि पाहता पाहता चेंडू तयार केला. मुले तिच्या बोटांकडे पाहत राहिली. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून कांड्या उभ्या करू लागलो.

पाऊस उघडला. मुले दारात आली, पण त्यांनी मला हाक मारली नाही. "आपा येणार का?" असे विचारले. मी अम्मीकडे पाहिले, अम्मीने दादीकडे. दादी बराच वेळ तसबीह ओढत राहिली. मग म्हणाली, "गल्लीत नको. मुलांनाच मागे बोलवा." आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असत. त्यानंतर शुक्रवारची लगोरी आमच्या घरामागे होऊ लागली. पुढची दोन वर्षे आपा तिच्यात होती. माझ्या गटात ती क्वचितच येई. तिला आपल्याकडे घेण्यासाठी दोन्ही गट भांडत.

मागच्या ईदला मी आपाकडे गेलो. गुडघे दुखतात म्हणून ती खुर्चीवर बसली होती, हातात कात्री होती. मोटारसायकलची ट्यूब फार जाड, तिच्या चकत्या ताणत नाहीत, अशी तिची तक्रार चालली होती. अंगणात तिची नात मैत्रिणींना चेंडू दाखवत होती.

"कोणी बनवला गं?" एकीने विचारले.

"माझ्या नानीने," नात म्हणाली.

आपाने माझ्याकडे पाहिले, हसली आणि पुढची चकती कापायला घेतली.