बांधावरची गोगलगाय आणि दर्यातली

गोगलगायींनी ज्यांचे शेत खाल्ले आहे, त्यांना हे वाचून माझा राग येईल. २०२२ च्या जुलैत मराठवाड्यात गावोगाव सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केली. लातूरकडचे आमचे अडीच एकरही त्यात गेले. दुबार पेरणी झाली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाला अंथरायची आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हे काम वहिनींनी महिनाभर केले. मी नोकरीपायी पुण्याला. आणि पुढच्याच वर्षी मी मालवणला निघालो, तो समुद्रातल्या गोगलगायीचा फोटो काढायला!

“आम्ही मारायच्या अन् तुम्ही पैसे मोडून बघायच्या का भावजी?” वहिनी म्हणाल्या. मी गप्प बसलो.

पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण मी आधी घेतले होते. पाठीवर टाकी असते; तीत नुसता प्राणवायू नव्हे, आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. तीसएक फूट खाली गेलो. तिथे लाल रंग मळकट दिसतो, बॅटरी टाकली की उजळतो. बरोबरचा वाटाड्या कोळ्याचा मुलगा. तो गोगलगाय शोधतच नव्हता, तिचे खाणे शोधत होता. आपण किडीसाठी पानाची खालची बाजू उलटून बघतो ना, तसा तो कपारीतले स्पंज बघत होता. स्पंज म्हणजे खडकाला चिकटून राहणारा साधा जीव.

अन् ती दिसली! जेमतेम इंचभर. पांढऱ्या अंगावर जांभळे ठिपके, डोक्यावर वास घेणारी दोन शिंगे, पाठीवर फुलासारखे उघडे कल्ले. शंख नाही, तो पिल्लूपणीच टाकून देतात. मग रक्षण कसे? यांतल्या कित्येक जाती स्पंजातले विष खाऊन स्वतःच्या कातडीत साठवतात. भडक रंग हा माशांना इशारा.

ती कपारीत अर्धी आड होती. श्वास घेतला की अंग वर उचलते, सोडला की खाली बसते. फोटो काही साधेना. शेवटी तिला उजेडात ओढायला मी बोट पुढे केले. वाटाड्याने मनगट धरले, चांगले घट्ट. वर आल्यावर म्हणाला, “तिचे डोळे म्हणजे नुसता उजेड-अंधार कळण्यापुरते. खाण्यावरून सुटली आणि ओढीबरोबर वाहत गेली, तर परत कशी यायची?” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फोटो पुसटच आला. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला.

“खाऱ्या पाण्यात ही मरत नाही?”

मी सांगितले, हिच्या अंगातले पाणी समुद्राइतकेच खारट असते, म्हणून मीठ तिचे पाणी शोषत नाही. बांधावरचीचे शोषते.

“देखणी आहे,” त्या म्हणाल्या. “पण आपल्या बांधावरच्या मी मारणारच.”

त्या पावसाळ्यात मी आठ दिवस रजा काढली आणि गोणपाटे मी अंथरली.