शेवटचं कधी पाहिलं?

सूनबाईला रात्री काम असतं आणि मला रात्री झोप येत नाही. त्यामुळे आम्हा सासू-सुनेच्या गप्पा बहुतेक वेळा अकरानंतर, जेवणाच्या टेबलावर होतात. तिच्यापुढे लॅपटॉप, माझ्यापुढे सोलायचे वाटाणे नाहीतर शब्दकोडं. "तू नक्की काय काम करतेस गं?" असं मी तिला सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं. 'कंप्यूटरमध्ये आहे' एवढ्यावर आमच्या पिढीचं भागतं. शेजारणींनाही तेवढं पुरतं.

गेल्या महिन्यात मात्र विचारलं. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर ही टेबलावर कोपरं टेकून, चेहरा ओंजळीत धरून बसलेली. फोनवर कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. फोन संपल्यावर मी चहा टाकला आणि म्हटलं, सांग आता.

"आमच्या टीममधल्या एका मुलाने एक सर्व्हर बंद केला. करायचाच होता, जुना झाला होता. त्याने यादीत शोधलं, त्या सर्व्हरवर काहीच अवलंबून नाही असं दिसलं, रीतसर परवानगी घेतली आणि बंद केला. तर तिकडे गोदामात खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापणं थांबलं. तीन तास ट्रक उभे."

"मग चूक कुणाची?"

"सगळे म्हणतायत, त्या मुलाची. लेखी समज देणार आहेत त्याला."

मला त्या क्षणी एक माणूस आठवला. त्याच्याकडे येईनच. आधी ही यादी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण ते समजायला मला चार रात्री लागल्या आहेत आणि ते श्रम वाया जाऊ नयेत अशी इच्छा आहे.

तर मंडळी, या यादीला म्हणतात सीएमडीबी. लांबलचक नाव कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस. मोठ्या कंपनीकडे सर्व्हर, प्रिंटर, नेटवर्कची यंत्रं, त्यांवर चालणारे प्रोग्राम असं हजारोंनी असतं. त्या प्रत्येकाची एक नोंद, आणि नोंदीतल्या वस्तूला म्हणायचं सीआय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या सेंट्रल कंप्यूटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी या कचेरीने संगणकाच्या कामकाजाला शिस्त लागावी म्हणून पुस्तकं काढायला सुरुवात केली. आयटीआयएल म्हणतात त्या पुस्तकांना. ही पद्धत त्यातूनच सगळीकडे रूढ झाली. म्हणजे मूळ सरकारी कचेरीतलंच! मला वाटलंच होतं, कारण अर्धं ऐकून होताच मी म्हटलं, "अगं, ही तर आमची जडसंग्रह नोंदवही."

ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे ते हसतील. बाकीच्यांसाठी सांगते. शाळेतली टिकाऊ वस्तू, म्हणजे बाक, फळे, घंटा, नकाशे, बाजाची पेटी, प्रयोगशाळेतली उपकरणं, हे सगळं जडसंग्रहात चढवावं लागतं. कधी घेतली, कितीला घेतली, पावती कुठली, वस्तूवर रंगाने घातलेला नंबर काय. मोडली म्हणून परस्पर फेकता येत नाही. निर्लेखनाचा ठराव होईपर्यंत तीन पायांची खुर्ची अडगळीत मानाने उभी असते. आणि वर्षातून एकदा करायची प्रत्यक्ष पडताळणी. यातला 'प्रत्यक्ष' हा शब्द लक्षात ठेवा.

कंपनीची खरी यादी घरच्यांना दाखवणं नियमात बसत नाही. म्हणून तिने सर्व्हिसनाऊ या कंपनीकडून शिकणाऱ्यांना फुकट मिळते ती सरावाची प्रत उघडली. आतली यंत्रं लुटुपुटीची, पण चाल खरी.

"काय शोधू आई?"

"मेल शोध." मला तेवढंच येत होतं.

चौकटीत शब्द टाकला, ज्यांच्या नावात तो शब्द आहे त्या नोंदी एकाखाली एक आल्या. शब्दाआधी चांदणी टाकली की तो शब्द नावाच्या मध्ये, शेवटी, कुठेही असला तरी सापडतो. अटी घालता येतात: सर्व्हरच हवा, चालू असलेलाच हवा, अमुक शहरातलाच हवा. घातलेल्या अटी वरच्या ओळीत एकापुढे एक दिसत राहतात आणि मधल्या एखाद्या अटीवर बोट ठेवलं की तिच्यापुढच्या गळून पडतात. गणितात मागची पायरी धरून परत सुरुवात करावी तसं. हे सगळं मला आवडलं. पण एक गोष्ट लगेच लक्षात आली. शोधायचं तर नाव माहीत हवं. आमच्या शाळेच्या वाचनालयात मुलं यायची आणि म्हणायची, "बाई, ते पुस्तक द्या ना, लाल कव्हरचं, त्यात एक घोडा असतो." आता नोंदवहीत ना कव्हरचा रंग असतो ना घोडा. मी म्हणायची, जा, कपाटापुढे उभा राहा आणि बघ. बहुतेकांना ते पुस्तक सापडायचं. काहींना दुसरंच चांगलं सापडायचं.

या यादीतही कपाटापुढे उभं राहायची सोय आहे. एखादी नोंद उघडून नकाशाचं बटण दाबलं की ती वस्तू मधोमध येते आणि तिच्यापासून वर-खाली रेघा निघतात. वर गेलं की याच्या जिवावर कोण कोण आहे ते दिसतं, खाली गेलं की हा कुणाच्या जिवावर आहे ते. हा प्रोग्राम या सर्व्हरवर, तो सर्व्हर त्या मोठ्या यंत्रावर, असं टिचकी मारत मारत चालत जायचं. रेघेवर नात्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येक नात्याला दोन नावं. एका टोकाकडून वाचलं तर 'याच्यावर चालतो', दुसऱ्याकडून 'याला चालवतो'. एका टोकाला 'अवलंबून आहे', तर दुसऱ्याला 'वापरला जातो'.

"म्हणजे मामा-भाचा," मी म्हटलं. "नणंद-भावजय."

"सासू-सून," ती हळूच म्हणाली. यात कोण कुणावर अवलंबून आहे हे आम्ही दोघींनी सोयीस्करपणे सोडून दिलं. :-)

प्रत्येक नोंदीला स्थिती नावाचा एक रकाना असतो. चालू, दुरुस्तीत वगैरे. एका नोंदीपुढे होतं 'रिटायर्ड'. मी विचारलं, याचं काय करतात? म्हणाली, यंत्र काढून टाकतात, पण नोंद ठेवतात, पुढे कधी कुणी विचारलं तर. मी म्हटलं, सरकार आमच्या बाबतीत हेच करतं, फक्त वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागतं.

असो. आता त्या मुलाकडे येते. त्याच्या बाबतीत घडलं ते असं. एकाच सर्व्हरच्या यादीत दोन नोंदी होत्या. पहिली फार पूर्वी कुणीतरी हाताने भरलेली, जुन्या नावाने. लेबलं छापणारा प्रोग्राम या सर्व्हरवर आहे ही रेघ त्या नोंदीला जोडलेली होती. मधल्या काळात सर्व्हरचं नाव बदललं. नंतर नेटवर्कमध्ये फिरून आपणहून यंत्रं हुडकणारा एक प्रोग्राम आला. असे प्रोग्राम यंत्राचा कारखान्याचा नंबर वगैरे बघून हे जुनंच का नवं ते ठरवतात. हाताने भरलेल्या नोंदीत तो नंबर भरलेलाच नव्हता. मग त्या बिचाऱ्या प्रोग्रामने हे नवीनच यंत्र समजून दुसरी नोंद केली, नव्या नावाने. मुलाने नवं नाव टाकून शोधलं. सापडलेली नोंद स्वच्छ होती, एकही रेघ नाही. यादी त्याच्याशी खोटं बोललीच नव्हती. त्या नोंदीवर खरोखरच काही अवलंबून नव्हतं.

सूनबाईने त्या रात्री ते कसं शोधलं? तिने सर्व्हरचं नाव टाकलंच नाही. ती गोदामापासून निघाली. लेबलं कोण छापतं, तो प्रोग्राम कशावर चालतो, असं वरून खाली उतरत गेली आणि एका अनोळखी नावाशी येऊन थांबली. त्याचा आयपी अ‍ॅड्रेस बघितला तर तोच.

हे सगळं ती सांगत होती आणि माझ्या हातातला वाटाणा हातातच होता.

१९९१ साल. विज्ञानाच्या सरांनी स्वतःच्या प्रयोगशाळेची मोजणी स्वतः करू नये म्हणून आमच्याकडे पडताळणी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांकडे असायची. त्या वर्षी माझ्याकडे आली. मी मराठीची बी.ए. मार्चअखेर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, घरी धाकटा तापाने फणफणलेला. वहीत लिहिलं होतं, 'सूक्ष्मदर्शक, नग ४'. मी कपाट उघडलं, लाकडी पेट्या दिसल्या, मोजल्या नाहीत. 'प्रत्यक्ष पाहिले, बरोबर' असं लिहून सही केली. पन्नासएक वस्तूंपुढे केली असेल.

पुढच्या वर्षी नवे सर आले, ते काटेकोर. त्यांनी मोजले तर तीन. वहीत चार, आणि वर्षापूर्वी चार होते याला माझी सही. म्हणजे गेला तो या वर्षात गेला. किल्ली कुणाकडे? शिपाईमामांकडे. शाखेकडे पत्र पाठवून विचारलं, तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक आला आहे का? उत्तर आलं, नाही. शिपाईमामा एवढंच म्हणाले, "मी नाही घेतला." संस्थेने त्यांच्या पगारातून हप्त्याने रक्कम कापायची ठरवली. त्यांच्याविरुद्ध दुसरं काही नव्हतं. पुरावा म्हणजे माझी सही.

मला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं. पेट्या मोजल्या नव्हत्या हे मला पक्कं आठवत होतं. मी स्वतःला सांगितलं की चार असतीलही, आपण न मोजता लिहिलं म्हणून ते चूकच असेल असं थोडंच आहे. आणि गप्प बसले.

१९९४ मध्ये वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून त्याच शाखेत गेले. स्पर्धा सुरू व्हायला वेळ होता, कचेरीत बसवलं होतं, टेबलावर त्यांची जडसंग्रह नोंदवही पडली होती. वेळ जात नव्हता म्हणून चाळली. काही शोधत नव्हते. मधल्याच एका पानावर दिसलं: 'मायक्रोस्कोप, १, मुख्य शाळेकडून, प्रदर्शनासाठी'. तारीख १९८९ ची. त्यांच्या लिपिकांनी आमचं पत्र आल्यावर अनुक्रमणिकेत 'सू' पाहिला होता. 'मा' कशाला पाहतील?

वस्तू परत आली. कापलेले पैसे मामांना परत मिळाले. शिक्षकखोलीत माझं कौतुक झालं, बाईंमुळे सापडला म्हणून. १९८९ साली गेलेली वस्तू बाईंनी १९९१ मध्ये 'प्रत्यक्ष' कशी पाहिली, हे कुणीही विचारलं नाही. तारखा समोर होत्या. मामा पेढे घेऊन आले. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे डाग गेला."

मी तो पेढा खाल्ला.

सूनबाई काही बोलली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "नंतर सांगितलंत त्यांना?" नाही सांगितलं. २००३ मध्ये गेले ते. नातेवाइकांपैकी हे आज पहिल्यांदाच वाचणारे बरेच असतील. धाकट्याला तर आपण तेव्हा तापात होतो हेही आठवत नसेल.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि एक रकाना दाखवला. यंत्र हुडकणाऱ्या प्रोग्रामला ही वस्तू शेवटची कधी दिसली, त्याची तारीख. आमच्या वहीत सहीला रकाना होता, पाहिल्याला नव्हता. मी म्हटलं, ज्यांच्यापुढे ही तारीखच नाही असे सगळे काढून दाखव. तिने अट घातली: रकाना रिकामा. यादी आली ती संपेचना.

"सरावाची प्रत आहे ना आई, यातलं काही खरं नाहीच, मग दिसणार कुणाला?"

"आणि खऱ्यातली?"

ती दोन दिवसांनी, त्या मुलाविषयीच्या मीटिंगला जाताना, खऱ्यातली यादी काढून घेऊन गेली. जुनी नोंद केल्यापासून तिच्याकडे कुणीही फिरकलेलं नाही, एवढंच तिने दाखवलं. समज देणं रद्द झालं. मात्र त्या बिनतारखेच्या सगळ्या नोंदी तपासायचं काम हिच्याच गळ्यात पडलं!

ते आता रोज रात्री चालतं. खरी यादी मला दिसायची नाही म्हणून मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. मध्येच ती तिकडे कुणाला तरी फोन लावते. तिकडे दुपार असते. "समोर उभा आहेस ना त्याच्या?" असं ती इंग्रजीत विचारते. "मग मागे चिकटवलेला नंबर वाच. नाही, तुझ्याकडच्या कागदावरचा नको. यंत्रावरचा वाच."