नांवाची चिठ्ठी

ज्यास ठाऊक आहे त्यास चिठ्ठी लागत नाहीं. ठाऊक नाहीं त्यासच ती लागते. ही साधी गोष्ट घरांत विसरली जाते, तशी मोठमोठ्या कारखान्यांतहि.

परभणी जिल्ह्यांतील पेडगांवच्या आमच्या घरीं बेसनाच्या जुन्या डब्यांत मुंग्यांची पूड असे. आजींस तें ठाऊक असल्यामुळें वरची 'बेसन' ही चिठ्ठी तशीच राहिली. आजी निवर्तल्या आणि पुढें नव्या सूनबाईंनीं तोच डबा भज्यांसाठीं काढला. उग्र वास आला म्हणून निभावलें.

अणुवीजगृहांत असा वास कोणास सावध करीत नाहीं. आपल्या तारापूरला १९६९ मध्यें सुरू झालेल्या दोन अणुभट्ट्या जुळ्या आहेत. अशा ठिकाणीं झडपेवर नुसता क्रमांक पुरत नाहीं, ती कोणत्या भट्टीची हेंहि लिहावें लागतें. अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथें २८ मार्च १९७९ रोजीं पाण्याच्या दोन झडपा चुकून बंद राहिल्या होत्या. त्यांच्या एका दिव्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लोंबत होती. आठ मिनिटें तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. दुसऱ्या एका झडपेचा दिवा केवळ बंद होण्याचा हुकूम गेल्याचें दाखवी. झडप उघडीच होती. भट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्यानंतर त्या देशांतील वीजगृहांचे नियंत्रणकक्ष तपासून पाट्या सुधारण्यांत आल्या.

चिठ्ठी बदलणें म्हणजे वडिलांचा अवमान नव्हे. चूक दिसेल त्यानें, वयानें धाकटा असला तरी, बोलावें. थोरांनीं वस्तु स्वतः पाहून खातरी करावी व त्याच दिवशीं नवी चिठ्ठी लावावी. आपल्या माघारीं घरांतल्यांस तीच उपयोगी पडेल.