जुनी होडी घेताना

आमच्या पुतण्याला निवृत्तीनंतर शिडाची बोट घ्यायची आहे! तो साउदॅम्प्टनला असतो. उन्हाळाभर नवरा-बायकोने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, असा बेत. नवी परवडत नाही म्हणून जुनी. सूनबाईंचा फोन आला, "काका, तुम्हीच समजवा. जन्माची शिल्लक पाण्यात जाईल हो." काळजी काही खोटी नव्हती.

दोन बोटींचे फोटो त्याने पाठवले होते. एक ३८ फुटी, चकचकीत, सगळी शिल्लक खाणारी. दुसरी २८ फुटी, १९७०च्या दशकातली, फायबरची, दिसायला साधी, पण निम्म्या किमतीत.

मी पालघरला जन्मभर भूगोल शिकवला. वाऱ्यांच्या दिशा तोंडपाठ आहेत, होडीतलं मात्र काही कळत नाही. म्हणून सातपाटीला गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी तांडेल आहे. म्हणाला, "सर, होडी घेताना पैसे एकदा लागतात, ठेवताना दरवर्षी." लांबी वाढली की शिडं, दोर, तारा, उभी करायची जागा, पाण्याबाहेर काढण्याचा खर्च, सगळंच वाढतं. मग त्याने हातोडीच्या दांड्याने एका लाकडी होडीच्या फळ्या ठोकून दाखवल्या. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत कुजलंय. फायबरही असंच ठोकून बघतात. थर सुटले असले की आवाज बद्द येतो. रंगावर जायचं नाही!

मला 'सुहैली' आठवली. ही ३२ फुटी सागवानी बोट १९६४ साली आपल्या मुंबईत बांधली गेली. तिचा आराखडा तेव्हाही जुनाटच होता. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना पृथ्वीप्रदक्षिणेसाठी मोठी पोलादी बोट हवी होती, पण पैसे कोणी देईना. मग जून १९६८ मध्ये ते हीच घेऊन निघाले. वाटेत तिला गळती लागली. त्यांनी समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली. ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ मध्ये परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. शर्यतीत नऊजण होते, पूर्ण केली यांनी एकट्यांनीच.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बोट त्यांच्या हाताखालची होती. ती कुठे दुखते, काय केलं की थांबतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुतण्याला कळवलं, लहान घे. तीही तज्ज्ञाकडून तळ, डोलकाठीच्या तारा, इंजिन तपासून घेतल्यावरच. उरलेल्या निम्म्या पैशांतला काही भाग डागडुजीला ठेव, बाकीच्याला हात लावू नकोस. आणि व्यवहाराआधी सूनबाईंना एक रात्र तिच्यावर झोपू दे. त्या नको म्हणाल्या तर नको. संसार दोघांचा आहे.

सूनबाईंनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा विचारत होत्या, "काका, २८ फुटांत ओटा केवढा असतो हो?"

बघू या!